काळ्या तेलाची धग

घाटकोपरला मिठागरांच्या बाजूला काशीराम मेस्त्रीची गणपतीची शाळा होती, आणि तिथल्या गणपतींचे डोळे काशीराम स्वतः आखतो हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. वस्तीला ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टींसारखीच हीही साफ खोटी होती. डोळे आखायची त्याची थोरली बहीण जानकी. काशीरामला आखता येत नव्हते असं नाही, पण त्याने डोळे दिलेला गणपती भक्ताकडे बघण्याऐवजी दारात कोण आलंय ते बघतोय असं वाटायचं.

शाळा म्हणजे पोरांची नव्हे. कोकणात गणपतीच्या कारखान्याला शाळा म्हणतात. या दोघांचा बाप धाकू मेस्त्री कुडाळहून मुंबईला आला तेव्हा हातातल्या कलेबरोबर तो शब्दही घेऊन आला, आणि रीतही. नागपंचमीच्या सुमारास ज्याने त्याने आपल्या घरचा पाट शाळेत आणून द्यायचा, त्यावर विडा-सुपारी ठेवायची, आणि मूर्ती त्याच पाटावर घडवायची. दुकानातून उचलून आणलेला गणपती या मंडळींना चालत नसे. आपल्या पाटावर बसला तो आपला.

धाकू मेस्त्रीने मुलाला माती शिकवली आणि मुलीला कुंचला दिला, कारण दोघांपैकी हात कुणाचा स्थिर आहे हे त्याने लहानपणीच ओळखलं होतं. पुढे जानकीचं लग्न झालं, नवरा गिरणीत लागला, विषमज्वराने गेला, आणि ती पांढरं कपाळ घेऊन बापाकडे परत आली. मग पंचाईत झाली. विधवा बाई गणपतीला डोळे देते हे बाहेर कळलं असतं, तर त्या शाळेत कुणी पाट काय, पाटाची फळीसुद्धा आणून दिली नसती. धाकूने यावर उपाय काढला. शेवटच्या आठवड्यात शाळेच्या मधोमध गोणपाटाचा पडदा लावायचा आणि आखणी आत चालते म्हणून सांगायचं. बाप गेला आणि पडदा तसाच राहिला. आत जानकी, बाहेर काशीराम. कुणी चौकशीला आलं की काशीराम बोटांना मुद्दाम काळा रंग फासून पडद्याबाहेर यायचा.

दरवर्षी पाट न्यायच्या दिवशी रुक्मिणी परब मूर्तीसमोर हात जोडून म्हणायची, "काशीभाऊ, तुमच्या हातचो गणपती माझ्याकडेच बघता ओ." रुक्मिणी म्हणजे अण्णा परबांची बायको, आणि अण्णा म्हणजे वस्तीतल्या कोकणी मंडळींचा म्होरक्या. तिने म्हटलं की बाकीच्या बायका माना डोलवायच्या. काशीराम नम्रपणे हसायचा. तो इतका सुंदर हसायचा की पडद्याआड उभ्या असलेल्या जानकीला हातातली रंगाची वाटी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटायची.

तिला काय हवं होतं ते सरळ सांगतो. काशीराम तिला बाय म्हणायचा. चार माणसांत त्याने एकदा, फक्त एकदा म्हणावं, की डोळे बायन आखले. बस्स. वर्षानुवर्षं ती त्या एका वाक्यासाठी झुरत होती. आता यात झुरण्यासारखं काय आहे, असं विचारणारी माणसं असतात. त्यांनी केलेलं काम कधी दुसऱ्याच्या नावावर खपलेलं नसतं, म्हणून विचारतात.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती आणि मिठागराकडच्या त्या वस्तीत विजेचा दिवा अजून आला नव्हता. त्या वर्षी श्रावणात ऊन म्हणून पडेना. खाडीवरचं ओलं वारं शाळेत शिरायचं आणि तिथंच मुक्काम ठोकायचं. मूर्ती घडवून झाल्या होत्या, पण बोट लावलं की बोटाचा ठसा उठत होता. त्यातून काशीरामने नेहमीच्या दुप्पट पाट घेऊन ठेवलेले. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लोकांना तर नाहीच. घरात मात्र नाहीशिवाय दुसरा शब्द नसायचा.

काशीराम एरवी आग्रा रोडवर लॉरीच्या एका गॅरेजमध्ये फिटर होता. तिथं लॉऱ्यांच्या इंजिनातून काढलेलं जुनं तेल पिंपं भरभरून पडायचं आणि बहुतेक गटारात जायचं. गॅरेजवाल्यांनी एका जुन्या पिंपाची शेगडी केली होती. वर तेलाचा डबा, डब्याला तोटी, तोटीतून तांब्याच्या नळीने थेंब थेंब तेल खाली तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पडायचं आणि पडता पडता पेट घ्यायचं. धूर जायला पत्र्याचा पाइप. पावसाळ्यात भिजलेले पार्ट सुकवायला ती शेगडी उत्तम होती. काशीरामने तसलीच दुसरी बनवली आणि एका रविवारी हातगाडीवर घालून शाळेत आणून उभी केली.

जानकीने तिच्याभोवती एक फेरी मारली. डब्यातल्या तेलात काडी बुडवून पाहिली. डांबरासारखं काळं आणि जळका वास.

"हेचो धूर मूर्तीक लागतलो," ती म्हणाली.

"धूर पायपातसून भायर जातलो. गॅरेजात आमी रोज पेटवतो."

"गॅरेजात गणपती रंगवतास?"

तिच्या म्हणण्याला आधार होता, आणि तो काशीरामलाही ठाऊक होता. मूर्तींवर रंग चढायला लागला की त्या घरात डोक्याला तेल लावायचं नाही, हा धाकू मेस्त्रीचा कायदा होता. तेलकट हात लागला की तेवढ्या जागी रंग धरत नाही. काशीरामची बायको सुलक्षणा या कायद्यावर दरवर्षी नाक मुरडायची आणि पिंजारलेल्या केसांनी महिनाभर हिंडायची. माणसांना थेंबभर खोबरेल नाही, आणि इथं काशीराम पिंपभर तेल जाळायला निघाला होता.

"घमेल्यात नारळाची सोडणा पेटव," जानकी म्हणाली. "बाबा तसाच करत. हळू सुकतले, पण सुकतले."

"चतुर्थी हळू येणा नाय, बाय. आणि बाबांच्या वेळेक इतके पाट होते?"

"तू घेतलंस कशाक?"

"घेतले. आता काय करू सांग. अर्ध्या लोकांक रिकामे पाट परत देऊ?"

"मगे तुझी शेगडी आणि तुझे गणपती. मी डोळे आखूचंय नाय."

हे ती याआधी कधी बोलली नव्हती. काशीराम स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुका काय होया ता तरी सांग."

तिने सांगितलं. पाट न्यायला माणसं येतील तेव्हा सगळ्यांसमोर म्हणायचं. डोळे बायन आखले.

"लोक काय म्हणतले?"

"काय म्हणूचा ता म्हणू देत. इतकी वर्सां तेंच्याकडे गणपती बघता ना? मगे बघता. माझो हात कळल्यार काय डोळे मिटून घेतलो?"

काशीरामने शेगडीकडे पाहिलं, ओल्या मूर्तींच्या रांगांकडे पाहिलं. "सांगतंय," तो म्हणाला. "शप्पथ. पण शेगडी पेटवूक दे."

इथं जानकीने चूक केली, आणि उघड्या डोळ्यांनी केली. तो धूर मूर्तींवर बसणार हे तिला आतून ठाऊक होतं. पण त्या एका वाक्याच्या लोभाने ती म्हणाली, "पेटव."

शेगडी पेटली आणि झकास पेटली. रॉकेलच्या चिंध्या घातल्या, पत्रा लाल झाला, तोटी सोडली, आणि टप् टप् करीत तेल जळायला लागलं. दोन दिवसांत शाळेतली ओल पळाली. मूर्ती खडखडीत वाळल्या, हाताला पांढुरक्या आणि गरम लागू लागल्या. काशीरामला तर आकाश ठेंगणं झालं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला शेगडी दाखवायचा, तोटी कमी-जास्त करून ज्वाळ नाचवायचा. सुलक्षणाने पाइपाशेजारी दोरी बांधून धुणं वाळत घातलं, आणि शेजारणींची लुगडीही त्या दोरीवर आली. सगळ्या वस्तीचे कपडे त्या पावसाळ्यात सुकले, एवढं पुण्य त्या शेगडीच्या पदरी मान्य केलंच पाहिजे.

पाइप मात्र तुकड्यातुकड्यांचा होता आणि त्याचे सांधे कच्चे होते. खाडीचं वारं आलं की धूर माघारी फिरायचा. दिसायचा थोडाच. काजळी पडली असती तर कुणालाही दिसली असती, झटकता आली असती. तसं काही नव्हतं. पण पाण्याचा तांब्या उचलताना जानकीच्या हातातून निसटायला लागला. कुंचल्याचा दांडा बुळबुळीत झाला. तिने तांब्या राखेने घासला, दुसऱ्या दिवशी तो परत तसाच.

मूर्तींना सफेत्याचा पांढरा हात देऊन झाला, अंगावर रंग चढला, पडदा लागला. आखणीच्या पहिल्या सकाळी जानकी आंघोळ करून पाटासमोर बसली. पहिला पाट परबांचा, हा तिचा नेम. कुंचला काळ्या रंगात बुडवला, श्वास धरला आणि पापणीची रेघ ओढली. रेघ उमटली आणि तिच्या डोळ्यांसमोर तुटली. रंग मूर्तीला धरेना. अळवाच्या पानावर पाणी गोळा व्हावं तसा थेंबाथेंबांनी गोळा झाला आणि गालावर ओघळायला लागला.

जानकीने फडक्याने टिपलं. गणपतीच्या गालावरून बोट फिरवलं आणि ते दुसऱ्या बोटावर चोळलं. बोट सर्रकन सरकलं. बापाचा शब्द न् शब्द खरा होता, आणि मूर्तींच्या आख्ख्या रांगा तेलात न्हाऊन बसल्या होत्या.

अजून वेळ होता. शेगडी विझवून, चेहरे पुसून, नवा सफेता देऊन निम्म्या मूर्ती तरी नीट करता आल्या असत्या. निम्मे पाट रिकामे परत गेले असते, काशीरामची नाचक्की झाली असती, आणि त्या नाचक्कीत तिच्या वाक्याची आठवण कुणाला राहिली असती? बाहेर काशीराम कुणाला तरी सांगत होता की यंदा आखणी अशी होईल की बघत राहाल. जानकीने ते ऐकलं. मग तिने डिंकाच्या पाण्याचं भांडं ओढलं आणि रंगात घालतात त्याच्या दुप्पट डिंक घातला. रंग जाड झाला, चिकट झाला. पुन्हा रेघ ओढली. या खेपेस धरली.

डिंक जास्त झाला की रंग वाळल्यावर ताठरतो आणि सालीसारखा सुटतो, हे काय तिला माहीत नव्हतं? होतं. पण सुटला तर सुटेल, आणि त्या आधी वाक्य तर बोलून झालेलं असेल, असा काहीसा हिशेब तिच्या मनात झाला. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला परक्याची मदत लागत नाही. पुढचे सगळे दिवस ती मान वर न करता आखत गेली. डिंकाने डोळ्यांना अशी चमक आली की काशीराम पडद्याआड डोकावून म्हणाला, "बाय, बाबांकपण असे जमले नसते." तिला रडूच आलं. तिला वाटलं, हा आता नक्की सांगणार.

हरतालिकेच्या दिवशी दुपारपासून माणसं आली. टाळ वाजत होते, पोरं नाचत होती, प्रत्येक गणपतीच्या तोंडावर रुमाल घालून पाट डोक्यावर चढत होते. जानकी धुतलेलं लुगडं नेसून पडद्याच्या कडेला उभी राहिली. आज ती आड लपली नव्हती, पण तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. रुक्मिणी परब आली. रुमाल वर करून तिने बघितलं आणि तिचे डोळे भरले.

"काशीभाऊ, ह्या वर्षी तर जिवंतच केलास ओ."

बाकीच्या बायका पुढे सरकल्या. अण्णा परब काशीरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बापाचो हात उतरलो हा तुझ्यात." याहून चांगली वेळ कोणती असणार? काशीरामने जानकीकडे पाहिलं. तिने पदर सावरला. मग तो वळला, नेहमीचं ते सुंदर हसू हसला आणि म्हणाला, "सगळी बाबांची कृपा."

शाळा रिकामी झाल्यावर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तोच म्हणाला, "कसा सांगू गो? सगळे आनंदात होते. देवाचा काम. विसर्जन होऊन जाऊ दे, मगे अण्णांच्या घरी जाऊन सांगतंय." जानकी त्या रात्री जेवली नाही. सुलक्षणाने दोनदा हाक मारली आणि मग वन्संचं ताट झाकून ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. शेगडीच्या उबेत वाळलेल्या मूर्ती घरोघरी ओल्या हवेत बसल्या, दोन्ही बाजूंनी समया लागल्या, दूर्वांनी पाणी शिंपडलं. त्यानंतरचा दिवस उजाडला आणि दुपारच्या आत शाळेच्या दारात माणसं उभी होती. पुढे अण्णा परब, त्यांच्या मागे वस्तीतली सात-आठ घरं. रुक्मिणीच्या हातात केळीच्या पानाचा तुकडा होता. तिने तो काशीरामपुढे उघडला. पानावर एक मोदक होता, आणि मोदकावर काळी, कडा वळलेली खपली. गणपतीचा डावा डोळा. नैवेद्य दाखवताना तो ताटात पडला होता.

"आमच्याकडे दोनय गेले," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्याकडे एक लोंबकळता हा."

प्राणप्रतिष्ठा झालेला देव आणि त्याला डोळे नाहीत. याचा अर्थ काय होतो ते त्या माणसांना सांगायला भटजी लागत नव्हता. काशीराम हवेला दोष देऊन बघू लागला, यंदाच्या रंगाला दोष देऊन बघू लागला. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"रंग दरवर्षी तोच. हवा दरवर्षी तीच. इतकी वर्सां तुझो हात चुकलो नाय काशी, ह्याच वर्षी कसो चुकलो?"

प्रश्न सरळ होता आणि त्यातच काशीरामला वाट दिसली. बुडत्या माणसाने वर यावं तसा त्याने श्वास घेतला.

"माझो हात नाय तो, अण्णा," तो म्हणाला. "डोळे बायन आखले."

इतक्या वर्षांचं वाक्य ते. शब्दही तेच, तिने सांगितले होते तेच. जानकी आत चुलीपाशी होती. तिने ऐकलं आणि ती बाहेर आली. माणसं तिच्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा सगळी माणसं एकदम तिच्याकडे बघत होती, आणि आधी त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, कपाळाकडे पाहिलं.

"ह्याच वर्षी काय?" अण्णांनी विचारलं.

होय म्हणाली असती तर सुटली असती. यंदा काशीला वेळ नव्हता, म्हणून मी हात लावला, एवढं पुरलं असतं. लोकांनी शिव्या दिल्या असत्या, एखादी शांत केली असती, विसरले असते. काशीरामही तिच्याकडे त्याच आशेने बघत होता. पण जानकीला ते जमलं नाही. यंदाचे डोळे पडलेले होते. ते तेवढे आपले, आणि आजवरचे बघणारे सगळे काशीचे? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाय," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून सगळे मीच आखतंय. बाबा होते तेव्हापण मीच."

रुक्मिणीने पानाचा तुकडा खाली ठेवला.

"माझी नीला बाळंतपणात गेली," ती हळू म्हणाली, "त्या वर्सा पण?"

जानकीने होकारार्थी मान हलवली. नीलाला ती ओळखत होती. पोरगी पडद्याशी येऊन वाकून बघायची.

"म्हणान," रुक्मिणी म्हणाली. आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हणान गेली माझी पोर!"

तेवढ्याने बांध फुटला. कुणाचं गावचं घर जळालं होतं, कुणाचा भाऊ गोदीत पडून अधू झाला होता, कुणाची गिरणीतली नोकरी गेली होती. घराघरात काही ना काही झालेलंच होतं. कुठल्या घरात होत नाही? आजवर त्याला कारण नव्हतं. आता मिळालं, आणि ते समोर उभं होतं. जे डोळे आपल्याकडे बघतात म्हणून या बायका दरवर्षी रडायच्या, ते आता त्यांना आठवेनात. आठवत होता तो फक्त विधवेचा हात.

"ता शेगडीचा तेल," जानकी म्हणाली. "काळ्या तेलाचो धूर मूर्तीवर बसलो, म्हणान रंग सुटलो. बोट लावन बघा हवा तर, ह्या भिंतीक..."

"धूर?" रुक्मिणी किंचाळली. "माझी नीलापण धुरान गेली काय गो?"

जानकीने काशीरामकडे पाहिलं. शेगडी त्याच्या पाठीशीच होती, थंड, पाइप वाकडा झालेला. शेगडी पेटवू नको असं जानकीने आधीच बजावलं होतं, एवढं त्याने एका शब्दाने सांगितलं असतं तर बरंच काही निवळलं असतं. काशीराम अंगठ्याने जमीन उकरत खाली बघत राहिला.

अण्णा परबांनीच मग माणसांना आवरलं. उद्या सकाळी सगळ्या मूर्ती एकदम विसर्जन करायच्या, घरोघरी शांत करायची, आणि पुढल्या वर्षी पाट कांजूरला दुसऱ्या शाळेत द्यायचे, असं ठरलं. जाताना ते काशीरामला म्हणाले, "तुझो दोष नाय रे. तुका फसवल्यान." काशीरामने मान डोलवली. नम्रपणे डोलवली.

माणसं गेली. पानावरचा मोदक तसाच राहिला. सुलक्षणाने तो न शिवता केरसुणीने दाराबाहेर लोटला आणि ती आत निघून गेली. जानकी पाट मांडायच्या रिकाम्या फळ्यांना टेकून उभी होती. काशीराम बराच वेळ इकडंतिकडं करीत राहिला. मग तिच्यापासून थोडं अंतर ठेवून थांबला.

"आता माझ्यार कशाक डोळे काढतंस?" तो म्हणाला. "तुकाच नाव होया होता ना?"

जानकीचा हात उठला. त्याच्या थोबाडीत मारायला तो उठला होता आणि तिला कुणी अडवलंही नसतं. पण तिला मारता आलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता.